वाईनच्या बाटलीसाठी काचेचं शोभेचं बूच कसं बनवायचं: सुरुवात खालून करा

माझं पहिलं बूच दिसायला एक नंबर झालं होतं, हिरवट निळी काच, आत पांढरे ठिपके, आणि मी ते दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत फिरले. तिसऱ्या दिवशी कोणी हातही लावला नव्हता तरी कपाटातून टक्कन आवाज आला, बघते तर बुचाच्या वरच्या काचेच्या मण्याचे उभे दोन तुकडे. दुसरं बूच तुटलं नाही पण बाटलीत बसेचना. तिसरं बसलं, पण वरचा गोळा इतका जड की बूच एका बाजूला कलायचं आणि बाटली आडवी झाली की थेंब थेंब गळायचं.

तेव्हापासून मी उलटं काम करते. आधी बाटलीचा गळा, मग धातूचा भाग, मग मण्याचं भोक, आणि काच सगळ्यात शेवटी. तुम्हाला हात शिवशिवत असतील लगेच टॉर्च (काच वितळवायचा, प्रोपेन गॅसवर चालणारा बर्नर) पेटवायला, मला माहितीये, पण दहा मिनिटं थांबा.

कुठल्या प्रकारचं बूच करायचं

काचेचं बूच म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर अत्तराच्या जुन्या कुपीसारखं अख्खं काचेचं बूच येतं. ते इथे विसरा. काचेत काच बसवायची तर दोन्ही भाग एकमेकांवर घासून जुळवावे लागतात, ते बूच त्या एकाच बाटलीला बसतं आणि अडकलं तर काढताना बाटलीचं तोंडच फुटायची भीती. आपण करणार आहोत ते सोपं आहे: खाली स्टीलचा निमुळता भाग, त्यावर सिलिकॉनच्या रिंगा, मध्ये एक चकती, चकतीवर उभा बारीक दांडा, त्या दांड्यात आपला काचेचा मणी ओवायचा आणि वरून छोटा गोल स्क्रू फिरवून बंद. हा धातूचा सांगाडा तयार मिळतो, मणी घालायचा स्टॉपर म्हणून मागा.

घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे स्टेनलेस स्टीलच घ्या, स्वस्तातल्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा दिलेला नको. वाईन आंबट असते, तिचा पीएच साधारण ३ ते ४, आणि एकदा मुलाम्याला बारीक चीर पडली की खालचा धातू खायला लागतो, काळे खड्डे पडतात आणि ते वाईनमध्येच जातं ना शेवटी. दुसरं म्हणजे माप. साध्या वाईनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर असतं आणि खाली जाताना थोडं रुंदावतं, त्यामुळे रिंगा त्याहून जराशा मोठ्या आणि दबणाऱ्या हव्यात. व्हर्नियर (बारीक मापं मोजायचं उपकरण) असेल तर घरात दोन-तीन रिकाम्या बाटल्या असतात त्या मोजून बघा, अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज निघतो.

आणि हो, फेसाळ वाईनच्या बाटलीला हे बूच लावायचं नाही म्हणजे नाहीच. न उघडलेल्या शँपेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणाइतका दाब असतो, उघडल्यावर तो कमी होतो पण परत बंद केली की वायू पुन्हा साठतो, आणि वर चाळीस ग्रॅमचा काचेचा गोळा असलेलं बूच उडालं तर तो दगडच.

काच कुठली

टॉर्चवर करायला सुरुवातीला मऊ काच बरी, म्हणजे १०४ नंबरची. हा नंबर काचेच्या प्रसरणाचा असतो. एक डिग्री तापवली की काच आपल्या लांबीच्या एक कोटी भागांपैकी १०४ भाग वाढते असा त्याचा अर्थ. बोरोसिलिकेटचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कडक काचेचा नंबर ३३, भट्टीत वितळवून जोडायच्या काचेचे ९० आणि ९६. एकाच मण्यात वेगवेगळ्या नंबरची काच मिसळायची नाही, कारण थंड होताना एक जास्त आकसते एक कमी, आणि मग तो टक्कन आवाज. काही वेळा महिन्याभराने येतो तो आवाज.

लोक विचारतात की जुन्या बाटलीच्या काचेचा मणी करता येईल का. येईल, पण मग अख्खा मणी त्याच एका बाटलीचा करा, त्यात दुसऱ्या रंगीत काचेची कांडी घुसवू नका. बाटलीच्या काचेचा नंबर कुठेच लिहिलेला नसतो.

१०४ ची काच मुख्यतः मुरानोवरून आलेली परंपरा आहे. व्हेनिसने १२९१ मध्ये शहरातल्या काचेच्या भट्ट्या आगीच्या भीतीने शेजारच्या मुरानो बेटावर हलवल्या आणि काचकाम तिथेच रुजलं. म्हणजे ज्या लोकांचा हा धंदा होता त्यांनाही शेजारी नको होते! तेव्हा तुम्ही पडद्याशेजारी टॉर्च लावू नका.

जागा आणि सेफ्टी

टेबलावर स्टीलचा पत्रा किंवा सिमेंटचा बोर्ड. खिडकी उघडी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, तोंडावर हवा मारणारा नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून तळघरात किंवा खोलगट जागेत काम नको. सुती कपडे, केस बांधलेले, पायात बंद बूट. सिंथेटिक कपड्यावर काचेचा कण उडाला तर कापड वितळून कातडीला चिकटतं. अग्निशामक हाताशी ठेवा, पाठीमागे नको.

चष्मा डिडिमियमचाच. काच तापली की तिच्यातलं सोडियम झगझगीत पिवळा उजेड टाकतं, आणि साध्या गॉगलमधून तुम्हाला नुसता पिवळा भडका दिसतो, काच दिसतच नाही. डिडिमियम नेमका तोच पिवळा कापतो. पहिल्यांदा घातल्यावर मी अक्षरशः म्हटलं, अरे, हे असं दिसतं होय! बोरोसिलिकेट करायला लागलात तर मात्र हा चष्मा पुरत नाही, जास्त गडद शेड लागते.

ऑक्सिजनवाला टॉर्च असेल तर पेटवताना आधी प्रोपेन मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन मग प्रोपेन. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीच लावायचं नाही, आटे घट्ट असले तरी. नुसत्या गॅसवर चालणारा साधा टॉर्चही चालतो, फक्त हळू काम होतं. माझे पहिले सात-आठ मणी त्याच्यावरच झाले, एकेकाला पाऊण तास लागायचा.

सळई आणि लेप

मणी स्टेनलेसच्या सळईवर करतात, तिला मँड्रेल म्हणतात. आता इथे माप महत्त्वाचं. स्टॉपरचा दांडा व्हर्नियरने मोजा आणि सळई त्याहून किंचित जाड घ्या. किंचित म्हणजे मणी दांड्यावर सैलसर सरकेल पण खडखडणार नाही इतपत. बरोब्बर मापाचं भोक नको. स्टील तापल्यावर काचेपेक्षा जास्त फुगतं, १०४ च्या समोर स्टेनलेसचा आकडा १७० च्या आसपास येतो, आणि काचेला ताणणं जमत नाही, ती सरळ फुटते. मधे गोंदाचा पातळ थर राहिला की तो हे सगळं सांभाळून घेतो.

सळईला लेप द्यायचा (मणी नंतर सुटावा म्हणून लावायचा, बीड रिलीज नावाने मिळतो), नाहीतर काच कायमची चिकटली. लेपाची बाटली चांगली हलवून दह्यासारखा दाट झाला की सळई सरळ बुडवा, सरळ वर काढा, आणि वाळूच्या डब्यात उभी खोचून रात्रभर वाळू द्या. लेप मण्यापेक्षा दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर तरी जास्त हवा. गाठी आल्या तर पुसून पुन्हा बुडवा, कारण त्या गाठीवर काच अडकते आणि मधेच लेप तडकून मणी सळईवर गरगर फिरायला लागला की संपलं, मग तुम्ही सळई फिरवाल आणि मणी जागेवरच उभा राहील.

आता काच

आधी सळई ज्योतीत फिरवत नारिंगी होईपर्यंत तापवा. बारीक मण्यांना लोक इथे आळस करतात आणि चालून जातं, पण आपली सळई जाड आहे, ती थंड राहिली तर मण्याच्या पोटातली उष्णता खेचते आणि काच धरतच नाही.

दुसऱ्या हातात काचेची कांडी. ती एकदम ज्योतीत घुसवू नका, फटाक्यासारखे तुकडे उडतात. ज्योतीच्या लांबच्या टोकाला आत-बाहेर, आत-बाहेर करत आणा, टोक गोल होऊन चमकायला लागलं की जवळ न्या. काच मधासारखी ओघळायला लागली की तो गोळा सळईला टेकवा आणि सळई स्वतःपासून लांब फिरवत काच गुंडाळा. कांडी फिरवायची नाही, सळई फिरवायची. शेवटी ज्योतीने कांडीचा धागा तोडा.

पहिला थर अपारदर्शक रंगाचा घ्या असं माझं म्हणणं आहे. पारदर्शक मण्यात आतला दांडा आणि गोंद दिसतो, आणि गोंदात एखादा बुडबुडा राहिला की तो बरोब्बर समोरच्या बाजूला येतो, कसा कोण जाणे. पांढरा किंवा हस्तिदंती गाभा केला की वर पारदर्शक रंग उजळूनही दिसतो.

मग थरावर थर. घाई इथे भोवते. प्रत्येक थर घातल्यावर मणी गोल होईपर्यंत तापवायचा, आणि सळई थांबवायची नाही. वितळलेली काच खाली लोंबते, तुम्ही फिरवत राहिलात तर ती सगळीकडे सारखी लोंबते, म्हणजेच गोल होते. मधेच फोन वाजला आणि तुम्ही अर्धा सेकंद तिकडे बघितलंत की मण्याला पोट सुटलं म्हणून समजा. तसं झालं तर घाबरू नका, पोट वरच्या बाजूला आणून क्षणभर थांबा, काच स्वतःहून परत खाली येते, मग पुन्हा फिरवायला लागा.

किती मोठा करायचा? तीन सेंटिमीटर व्यासाचा गोळा साधारण ३५ ग्रॅम भरतो. चार सेंटिमीटर केला तर जवळजवळ ८४ ग्रॅम. एकच सेंटिमीटर वाढवला आणि वजन दुपटीच्या वर गेलं. माझं ते कलणारं बूच चार सेंटिमीटरचं होतं. आता मी तीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, आणि उंच हवा असेल तर गोल न करता लांबट करते.

नक्षीसाठी आधीच धागे ओढून ठेवा. कांडीचं टोक वितळवून चिमट्याने धरायचं, दोन सेकंद ज्योतीबाहेर थांबायचं आणि मग सावकाश ओढायचं. लगेच ओढलं तर केसासारखा धागा होतो, तो ज्योतीत आणला की वाफ झाल्यासारखा गायब. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा बरा. याने ठिपके द्या, रेघा द्या, ठिपका मऊ असताना स्टीलच्या सुईने ओढलात तर पाकळी होते.

एक गंमत सांगते जी मला चुकून सापडली. हस्तिदंती काचेवर फिरोजी ठिपका दिला की त्याच्या कडेला आपोआप काळसर रेघ उमटते, पेनाने आखल्यासारखी. मला वाटलं ज्योत घाण झाली. पण हस्तिदंतीत गंधक असतं आणि फिरोजीत तांबं, ती दोघं भेटली की ही रेघ येणारच. नको असेल तर मधे पारदर्शक काचेचा थर द्या. मला आवडते, मी मुद्दाम करते. उलट पारदर्शक काच राखाडी धुरकट होत असेल तर मात्र ज्योतीत गॅस जास्त झालाय किंवा तुम्ही टॉर्चच्या फार जवळ आहात. लाल-नारिंगी रंग गरम असताना भलतेच दिसतात, थंड झाल्यावर मूळ रंगावर येतात, तोपर्यंत त्यांना नावं ठेवू नका.

मण्याची खालची बाजू, जी चकतीवर बसणार, ती ग्रॅफाइटच्या पट्टीने हलकेच दाबून सपाट करा. कड धारदार आणि पातळ राहिली तर पहिल्याच दाबात टवका उडतो, त्यामुळे भोकाची कड आत वळलेली हवी. इथे सपाटपणा कमी पडला तर बूच वाकडं दिसणार, गोंदाने कितीही सावरलं तरी.

थंड करणं

माझा पहिला मणी इथेच मेला होता. मी तो व्हर्मिक्युलाइटच्या (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिज दाण्यांच्या) डब्यात पुरून ठेवला होता आणि मला वाटलं झालं अॅनीलिंग, म्हणजे काच ठराविक तापमानाला धरून आतला ताण काढणं. नाही होत तसं. डब्यात किंवा उष्णतारोधक ब्लँकेटमध्ये काच फक्त सावकाश थंड होते, आतला ताण सुटत नाही. एक सेंटिमीटरचा मणी निभावून जातो, तीन सेंटिमीटरचा नाही, कारण बाहेरचं कवच कडक झालेलं असतं तेव्हा पोट अजून मऊ असतं आणि ते मागाहून आकसतं.

तर काम झालं की अख्खा मणी ज्योतीच्या टोकाला फिरवत सगळीकडून सारखा गरम करा. मग बाहेर काढून टेबलाखालच्या अंधारात धरून बघा. लाल चमक दिसतेय तोवर फिरवत राहा, चमक गेली की लगेच भट्टीत. चमक असताना ठेवलात तर भट्टीच्या तळाचा ठसा मण्यावर उठतो, फार वेळ घेतलात तर वाटेतच तडकतो. भट्टी आधीपासून ५१० डिग्री सेल्सिअसवर तयार हवी. त्या तापमानाला शेवटचा मणी गेल्यावर एक तास, मोठा असेल तर दीड, मग ताशी ५० डिग्रीच्या आसपास उतरवत ३७० पर्यंत आणा आणि मग भट्टी बंद. दार उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. मला माहितीये उघडावंसं वाटतं.

स्वतःची भट्टी नसेल तर व्हर्मिक्युलाइटमध्ये थंड केलेले धड मणी जमवून एखाद्या काचकाम करणाऱ्याच्या भट्टीत नंतर एकदम अॅनील करता येतात. फक्त थंड भट्टीत ठेवून सावकाश वर न्यायचे.

ताण राहिलाय का हे घरीच बघता येतं, पारदर्शक मण्यात तरी. लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन पांढरा करा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यापुढे धरून तो स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवा, आणि मधे मणी धरा. मणी अंधारातच राहिला तर ठीक. भोकाभोवती पांढरे पंखे किंवा रंगीत पट्टे चमकले तर ताण आहे, परत भट्टीत. माझ्या एका मण्यात चक्क फूल उमललेलं दिसलं होतं, दिसायला सुंदर, पण तो ताणच.

साफसफाई आणि गोंद

मणी सळईसकट पाण्यात भिजवा, सळई पकडीत धरून मणी पिळा, निघतो. मग भोकातला लेप घासून काढा, हिऱ्याच्या कानशीने, आणि पाण्याखालीच. कोरडी पूड नाकात गेलेली चांगली नाही. इथे जीव ओतून घासा हं. पांढरट पूड राहिली तर गोंद काचेला न चिकटता पुडीला चिकटतो. माझ्या एका बुचाचा मणी सहा महिन्यांनी फिरायला लागला, काढून बघितलं तर गोंदाची अख्खी नळी दांड्याला घट्ट होती आणि तिच्यावर लेपाचा पांढरा कोट.

दांड्याला पॉलिश पेपरने ओरखडे काढा, चकतीचा वरचा भागही खरबरीत करा, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांत सुकणारा नको, चोवीस तासांचा घ्या. तो जास्त मजबूत असतो आणि सरळ करायला वेळ देतो. दोन्ही भाग सारखे काढा, डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर ते, आणि सावकाश मिसळा, फेटलात तर हवा भरते. दांड्याला लावून मणी फिरवत फिरवत खाली उतरवा म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो. बाहेर आलेला लगेच अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. वरचा स्क्रू हाताने लावा, पकडीने आवळू नका. बूच रिकाम्या बाटलीत उभं करा, समोरून बघा, मग बाटली पाव फेरी फिरवून पुन्हा बघा. एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने कललेलं हे हमखास होतं. सरळ केलंत की मास्किंग टेपने धरून ठेवा आणि एक दिवस हात लावू नका.

टॉर्च नसेल तर

भट्टी असेल तर तीन मिलिमीटर जाडीच्या एकाच नंबरच्या काचेचे दोन तुकडे एकावर एक ठेवून ८०० डिग्रीच्या जरा वर नेले की कडा आपोआप गोल होतात, काच सहा मिलिमीटरच्या आसपास जाडी धरते. वर चमकणारी डायक्रोइक काच (बघायच्या कोनाप्रमाणे रंग बदलणारी) घातली तर फारच छान दिसतं. हा चपटा तुकडा सपाट माथ्याच्या स्टॉपरवर चिकटवायचा, भोकाची भानगडच नाही. सपाट जोड तिरक्या धक्क्याला कच्चा असतो मात्र, म्हणून दोन्ही पृष्ठभाग चांगले घासा.

शेवटची परीक्षा

बाटलीत पाणी भरा, बूच लावा, कोरड्या कागदावर बाटली आडवी ठेवा आणि तासभर दुसरं काहीतरी करा. कागद ओला झाला तर आधी रिंग जागेवरून सरकलीय का बघा, मग मोठी रिंग घालून बघा. कोरडा राहिला तरी वापरताना बाटली उभीच ठेवायची.

काढताना मणी धरून ओढू नका, चकतीखाली बोट घालून किंचित फिरवत काढा. धुताना कोमट पाणी आणि हात, डिशवॉशर नको, त्या वाफेत गोंद मऊ पडतो. आणि कोणाला भेट देणार असाल तर हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून बुचाच्या गळ्यात बांधा, नाहीतर ते पहिल्याच पार्टीत फेसाळ वाईनच्या बाटलीवर बसतं. माझं एक बसलं होतं. छताला अजून खूण आहे.